आत्याची काळी पडलेली फिल्म

मी औशाला होते. वसतिगृहाच्या मुलींची सभा होती, तहसीलच्या आवारातल्या लिंबाखाली, आणि माझ्या हातात आदल्याच दिवशी छापून आणलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. दुपारी अडीचच्या सुमाराला वडिलांचा फोन आला. "पोरी, ये लातूरला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "घाई करू नको." आमच्याकडं कुणाचं जास्त झालं की 'आसंल तशी निघ' म्हणतात. 'घाई करू नको' म्हणजे... पुढचं विचारायची गरज राहिली नाही. मी हातातली पत्रकं वाटून संपवली. फोन ऐकलेल्या दोघीतिघी माझ्याकडं बघत राहिल्या. पण उरलेली पत्रकं घरी परत आणलेली कौसल्याआत्याला चालत नसत, आणि त्या वेळी मला तेवढंच सुचलं. मग एसटीत बसले. औसा ते लातूर हे अंतर एरवी भाषणाचे मुद्दे काढण्यात संपतं. त्या दिवशी मी पुढच्या बाकड्याच्या दांडीला धरून नुसती बसून राहिले.

आत्या गेली त्याला आता सहा आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात अनेकजण आत्याविषयी बोलले, चांगलं बोलले, आणि शेवटी सगळ्यांनी माझ्याकडं बोट करून म्हटलं की या पोरीनं तिची फार सेवा केली. मी मान खाली घालून बसले होते. त्यांना तो नम्रपणा वाटला. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर खाली जे लिहीन ते सगळं खोटं होईल. आत्याच्या मेंदूत गाठ होती. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी काढलेली तिची एमआरआयची फिल्म माझ्या हातून काळी पडली. पडली ती पडली, पण मी ती लपवली. जेव्हा ती हवी होती तेव्हा ती नव्हती. त्यामुळं आत्याचे किती दिवस गेले, की एकही गेला नाही, हे मला माहीत नाही आणि आता ते कळायची काही सोय उरलेली नाही.

कौसल्याआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. बिलोली तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत तिची अर्धी नोकरी झाली आणि उरलेली लातूरला. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "वेळ न्हाई मिळाला, पत्रकं हुती." आठवीपासून मी तिच्याजवळ शिकायला राहिले. दुसऱ्या घरांत मुलं गोष्टी ऐकत जेवतात, मी प्रुफं वाचत जेवले. शिष्यवृत्ती का अडकली, रेशनवर किती धान्य मिळायला पाहिजे, दवाखान्यात कोणती औषधं फुकट आहेत, हे सगळं ती एका पानात बसवायची आणि मी मोठ्यानं वाचायची. जिथं मी अडखळले तिथं ती वाक्य मोडायची. "तुला कळंना तर त्या माणसाला काय कळंल? तोड त्याला." पत्रकाखाली स्वतःचं नाव घातल्याशिवाय तिनं एकही कागद बाहेर जाऊ दिला नाही. निनावी लिहिणाऱ्याचा तिला राग होता. आणि रोज दुपारी चार ते सहा तिचं दार उघडं असायचं. त्या वेळात ज्याला कागद वाचून घ्यायचा आहे त्यानं यावं. लोक बाहेरच्या बाकावर बसायचे, मांडीवर पिशवी, पिशवीत कागद. ती एकेक कागद हातात घ्यायची, आधी तळव्यानं सपाट करायची, मग चष्मा लावायची.

कागदावर तिचा एवढा जीव का, तर आजोबांचे कागद वाळवीनं खाल्ले होते. जातीच्या दाखल्याची पडताळणी करून घ्यायला तिला पुढं कित्येक वर्षं ऑफिसांचे उंबरे झिजवावे लागले, कारण जुना पुरावा म्हणून दाखवायला हातात भुसा होता. तेव्हापासून आमच्या घरात जो महत्त्वाचा कागद येईल तो पहिल्यांदा लॅमिनेशनला जायचा. टीसी, नेमणुकीचं पत्र, माझी दहावीची मार्कशीट, एवढंच काय, घराच्या नळाची मंजुरीसुद्धा. "आपल्याकडं जमीन न्हाई. आपलं सातबारा म्हंजे हे," असं म्हणून ती लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा दाखवायची. आमच्या वस्तीतल्या बहुतेक घरांत असा एक कप्पा आहे.

आजाराची सुरुवात शब्दांनी झाली. आधी ती वस्तूंची नावं विसरू लागली. चष्म्याला 'ते डोळ्याचं' म्हणायची, खडूला 'पांढरं ते'. मी हसायचे. "आत्या, आता तुझंच पत्रक मला तोडून सांगावं लागतंय," असं एकदा म्हणालेसुद्धा. तीही हसली. मग सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायला लागलं. मग एके दिवशी ओट्यापाशी तिचा उजवा हात आपोआप उडायला लागला, आणि मी चहाचं पातेलं बाजूला करेपर्यंत ती खाली पडली होती.

एमआरआयच्या आधी तिथल्या मुलानं ठरलेला प्रश्न विचारला, "मावशी, अंगात कुठं लोखंड, पट्टी, स्क्रू काही हाय का?" आत्या म्हणाली, "हुतं थोडं, मास्तरकीत झिजलं." तो ते लिहून घ्यायला लागला तेव्हा मला सांगावं लागलं की ती गंमत करते आहे. आत तिला अर्धा तास निश्चल पडून राहायला लावलं, मध्ये रंगाचं इंजेक्शन दिलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, भीती वाटली का. "न्हाई गं. लई भाषण करतंय ते मशीन. एकच मुद्दा, ठाण ठाण ठाण. तुझ्यावानीच." पूर्ण, न अडखळता बोललेलं ते तिच्या शेवटच्या काही वाक्यांपैकी एक. म्हणून मी ते जपून ठेवलंय.

फिल्मवर पंधरावीस चौकोन होते. प्रत्येकात आत्याचं डोकं, वेगवेगळ्या उंचीवर आडवं कापल्यासारखं. डाव्या बाजूला कानाच्या वर एक पांढरं कडं, आत काळं, भोवती धुरकट सूज. "भाषा साधारण इथंच राहते," नांदेडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. त्या मेंदूच्या सर्जन होत्या, थोडं बोलायच्या आणि खरं बोलायच्या. ऑपरेशन त्यांनीच केलं. जेवढं काढता येण्यासारखं होतं तेवढं काढलं. तपासणीत गाठ सगळ्यात वाईट प्रतीची निघाली. आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा एमआरआय करून घेतला, शेजारच्याच एका सेंटरमध्ये. तो कशासाठी, हे मी तेव्हा विचारलं नाही. ऑपरेशन नीट झालं याची पावती असते तसं काहीतरी असेल, असं मला वाटलं.

ती फिल्म घ्यायला मी सेंटरवर गेले तेव्हा तासभर ताटकळावं लागलं. मला राग आला होता. खरं तर राग गाठीवर होता, पण गाठीशी भांडता येत नाही. समोर तिथला तंत्रज्ञ होता, माझ्याच वयाचा. मी त्याला रुग्णांच्या हक्कांवर भाषण दिलं. सगळे मुद्दे पाठ होते, आमच्याच पत्रकातले. तो फिल्म लिफाफ्यात घालता घालता काहीतरी सांगत होता, ऊन, गरम असं काहीतरी... मी बोलत होते. सीडी पाहिजे का, हेही त्यानं विचारलं असेल. आमच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं असतं : आपले सर्व अहवाल मागून घ्या. मी लिफाफा ओढून घेतला आणि बाहेर पडले.

लातूरला आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ती फिल्म शिवलिंगअप्पांच्या दुकानात नेली. अप्पांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान, आत्याचे सगळे कागद तिथंच झालेले. कपाळावर भस्माचे पट्टे, समोर यंत्र, आणि बोलणं सतत चालू. "बाईंचं डोकं आता आमच्या हातात म्हणायचं," ते म्हणाले. मोठ्या आकाराचं प्लॅस्टिक शोधून त्यांनी फिल्म त्यात सरळ बसवली आणि यंत्रात सरकवली. पलीकडून ती बाहेर यायला लागली तेव्हा आधी कडा काळी दिसली. मला वाटलं, कडा असेलच काळी. मग ते काळं येतच राहिलं. तव्यावर भाकरी करपत जावी तसे ते चौकोन एकेक करून गेले. सगळी फिल्म बाहेर आली तेव्हा ती गुळगुळीत, चकचकीत आणि पाटीसारखी काळी होती. अप्पांनी यंत्राचं बटण बंद केलं. "ताई, यंत्राचा दोष न्हाई बघा," ते हळू आवाजात म्हणाले. मग, "जाऊन सांगा की त्यांना. दुसरी काढून देतेत. कंप्युटरात आसतंय सगळं."

बरोबर सांगत होते. त्या दिवशी किंवा त्या आठवड्यात मी नांदेडला गेले असते, नुसता फोन केला असता, तर दुसरी फिल्म मिळाली असती. ही फिल्म उष्णतेनंच छापली जाते आणि उष्णतेनंच जाते, हे मला नंतर कळलं. पण ज्याला मी काल-परवा हक्क शिकवले त्याच्यासमोर जाऊन 'माझ्याच हातून जळाली' म्हणायचं... मला ते जमलं नाही. मी स्वतःला समजावलं की लेखी रिपोर्ट आहे ना. दोन ओळी होत्या, त्यात ऑपरेशननंतरचे बदल आणि थोडा भाग शिल्लक असण्याची शक्यता असं लिहिलेलं होतं. शब्दांवर माझा विश्वास होता. मी काळी फिल्म लिफाफ्यात परत घातली, लिफाफा कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि आत्याला सांगितलं, झालं काम.

पुढचे सहा आठवडे रोज सकाळी शेक, म्हणजे रेडिएशन, आणि सोबत गोळ्या. आत्याचे डाव्या बाजूचे केस गेले. चार वाजता दार मात्र उघडायचं. तिला आता वाचता येत नव्हतं, अक्षरं ओळखू यायची पण त्यांचं काही होत नव्हतं. तरी लोक यायचे. ती कागद घ्यायची, तळव्यानं सपाट करायची, बराच वेळ बघायची आणि माझ्याकडं द्यायची. मी वाचून सांगायची. एक म्हातारा तिला म्हणाला, "बाई, तुमी नुसता हात फिरवला तरी बास हाय." मला त्याचा राग आला होता. आयुष्यभर जिनं अंगारेधुपारे करणाऱ्यांच्या विरोधात पत्रकं काढली तिला हा... पण आत्यानं त्याच्या पाठीवर थोपटलं. तिला तो काय म्हणाला ते कळलं होतं की नाही, कोण जाणे.

शेक संपल्यावर महिन्यानं पुन्हा एमआरआय झाला आणि आम्ही नांदेडला गेलो. मॅडमनी नवी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. कानाच्या वरच्या त्या जागी पुन्हा पांढरं होतं, पहिल्यापेक्षा ऐसपैस. पण मॅडम म्हणाल्या, लगेच घाबरू नका. शेकामुळंही असंच पांढरं दिसतं, काही जणांत ते वाढतं आणि आपोआप ओसरतं. गाठ परत आली तरी असंच दिसतं. "एका फोटोवरून हे सांगता येत नाही. दोन फोटोंतला फरक बघावा लागतो. ऑपरेशननंतरची फिल्म द्या. ही जागा तेव्हा स्वच्छ होती का, आणि शिल्लक होतं ते नेमकं कुठं, एवढंच मला बघायचंय."

मी रिपोर्ट पुढं केला. त्यांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. "हे शब्द आहेत. मला चित्र पाहिजे."

मी लिफाफा उघडला. मॅडमनी ती फिल्म पेटीवर लावली. मागचा दिवा लागलेला होता, पण काहीच दिसत नव्हतं, फक्त प्लॅस्टिकवर खोलीतल्या ट्यूबची रेघ आणि आम्हा तिघींची तोंडं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी लगेच सेंटरला फोन लावला. तिकडं काही महिन्यांपलीकडचं ठेवत नव्हते, जागा होत नाही म्हणून काढून टाकत. आत्याचं त्याच महिन्यात पुसलं गेलं होतं. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं तर पत्रक. जागा नाही म्हणून माणसांची चित्रं पुसणारी व्यवस्था, वगैरे. मथळासुद्धा सुचला. लहानपणापासून मला दोषी शोधायला शिकवलेलं आहे आणि मी त्यात तरबेज आहे. एवढ्या मोठ्या भागाला यंत्रं किती, रांगा किती, हे सगळं खरं आहे आणि त्यावर मी पुन्हा भांडेन. पण ती फिल्म आम्हाला मिळाली होती. वेळेवर नसेल, तासभर उशिरा, पण मिळाली होती. माझ्या हातात दिली होती.

दोन रस्ते होते. आत्ताच पुन्हा डोकं उघडून बघायचं, किंवा आठ आठवडे थांबून परत चित्र काढायचं. हैदराबादला जाऊन आणखी एक तपासणी होण्यासारखी होती, पण तिनंही खात्री होईलच असं नाही, असं मॅडम म्हणाल्या. हैदराबादचं नाव ऐकून आत्यानं मान हलवली, नाही. मी विचारलं, थांबायचं का. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्या काळ्या फिल्मकडं, आणि हात खाली आपटल्यासारखा केला. थांबू. आम्ही थांबलो.

परतीच्या गाडीत मी तिला सगळं सांगितलं. अप्पांचं दुकान, यंत्र, कप्पा, 'झालं काम' म्हटलेलं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, ती खिडकीबाहेर बघत होती. तिला समजलं की नाही याचीच मला शंका यायला लागली. मग चाकूरच्या अलीकडं तिचे ओठ हलायला लागले. शब्द यायला वेळ लागायचा, मी वाट बघितली. "लप...," ती म्हणाली. पुन्हा थांबली. मग डाव्या हातानं माझी हनुवटी धरून तोंड तिच्याकडं वळवलं आणि नीट म्हणाली, "लपवलंस."

जाळलंस म्हणाली नाही. तेवढा एकच शब्द. त्यावर नंतर ती काही बोलली नाही. बोलता येत नव्हतं म्हणून की बोलायचं नव्हतं म्हणून, हे कुठल्या फिल्मवर दिसत नसतं.

आठ आठवड्यांनी काढलेल्या चित्रात ते पांढरं मधली रेघ ओलांडून उजवीकडं गेलं होतं. आता उघडण्यात अर्थ नव्हता. मॅडमनी मला बाहेर बोलावून सांगितलं की या आजारात शेवट बदलत नाही, आधी कळलं असतं तरी थोडेसेच दिवस... कदाचित तेही नाही. "हे मनाला लावून घेऊ नका." त्या खरं बोलणाऱ्या बाई आहेत हे मी वर लिहिलंय. तरी त्या वेळी त्या मला सोडवत होत्या की खरंच तसं होतं, हे मी ठरवू शकले नाही. थोडेसे दिवस म्हणजे किती? त्या दिवसांत आत्याला आणखी चार शब्द आले असते का? की नुसत्या उलट्या आणि झटके वाढले असते? अजून ठरत नाही. ती फिल्म माझ्याकडं आहे. लॅमिनेशन केल्यामुळं आता तिला काही होणार नाही.

शेवटचा दीड महिना आत्या घरीच होती. वडील रजा काढून बिलोलीहून आले होते. ते तिला भरवायचे आणि बोलत राहायचे. "अक्का, आगं शाळंत तू मला कान धरून उभं करायचीस, आता मी तुला चमचा धरून बसवलंय बघ." ती त्यांच्याकडं बघायची, कधी हसल्यासारखं व्हायचं. शेवटी शेवटी तेही थांबलं. ज्या दिवशी गेली त्या दिवशी सकाळी मी तिला सांगितलं, औशाला सभा आहे, जाऊ का. तिनं डोळे उघडले नाहीत. मी त्याचा अर्थ 'जा' असा घेतला. अर्थ काढायचा अधिकार तेव्हा माझ्याकडंच उरला होता.

सगळं उरकल्यावर वडील म्हणाले, कुलूप लाव आणि चल माझ्यासंगं. मी थांबते म्हणाले. ते गेले त्या दुपारी चार वाजता मी सवयीनं दार उघडलं. बाकावर एक बाई बसलेली होती, निलंग्याकडच्या एका खेड्यातून आलेली, मांडीवर पिशवी. "बाई हायत्या का?" मी सांगितलं, गेल्या. तिनं पदर तोंडाला लावला. कधी, कशानं, विचारलं. मग पिशवी माझ्यापुढं धरून म्हणाली, "मग तुमी बघा की. तुमी त्यांच्याच न्हवं?"

"मला नाही बघता येत," मी म्हणाले.

"शिकलेल्या दिसताव की."

मी आत जाऊन पाणी आणलं. ती पाणी प्याली, पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं, थोडा वेळ अजून बसली, मी काही बोलते का ते बघत. मग उठून गेली. पिशवीत कसले कागद होते ते मला माहीत नाही. मी हात पुढं केला नव्हता.

चार वाजले की मी दार उघडते. ते न उघडणं मला जमत नाही. सगळ्यांपर्यंत बातमी पोचलेली नाही, त्यामुळं अजून कुणी ना कुणी येतं, बाकावर बसतं. मी सांगते. पाणी देते. कागद त्यांच्याच हातात राहतात. सहाला दार लावते.